नाईल क्रूझवरून इजिप्तची देवळं: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

नाईलवरच्या क्रूझमध्ये तीन-चार दिवसांत सात-आठ देवळं समोर येतात आणि प्रत्येक ठिकाणी गटाच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत खांब, कोरीव भिंती आणि पशुपक्ष्यांच्या तोंडाचे देव यांची डोक्यात सरमिसळ व्हायला लागते. घरी परतल्यावर फोटो चाळताना ‘हे एडफू की कोम ओम्बो?’ असा प्रश्न पडणारे कितीतरी लोक मला भेटले आहेत. गटाच्या सहलीत जास्त वेळ मिळणार नाही, हे धरूनच चालायचं. मात्र निघण्यापूर्वी इजिप्तच्या देवळाची रचना समजून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी कुठे थांबायचं हे मनाशी ठरवलं, तर तोच दीड तास भरपूर पुरतो.

दिशा ठरवताना

क्रूझ चालते ती मुख्यतः लक्सर आणि आस्वान या दोन शहरांमध्ये. लक्सरहून निघणारी बहुतेक जहाजं चार रात्रींची असतात, आस्वानहून निघणारी तीन रात्रींची. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे आस्वानहून लक्सरला येताना जहाज प्रवाहाबरोबर चालतं. नकाशात खाली दिसणारा दक्षिणेचा भाग म्हणजे ‘वरचा इजिप्त’, हेही एकदा डोक्यात पक्कं करून ठेवा. गाइड दिवसातून दहादा हा शब्द वापरतो आणि नवखा माणूस दर वेळी गोंधळतो.

टूर कंपनी विचारत असेल तर माझं मत आस्वानहून सुरुवात करण्याचं आहे. लक्सरची कर्नाकसारखी देवळं जुनी, प्रचंड आणि बरीचशी पडझड झालेली आहेत. एडफूचं देऊळ त्यामानाने नवं, छपरासकट उभं आहे. आधी अखंड देऊळ पाहिलं की मोडलेल्या देवळातलं काय नाहीसं झालंय ते कळतं. शिवाय लक्सर शेवटी आलं की तिथे एखादा दिवस वाढवून घेता येतो, आणि लक्सरला तो दिवस खरोखर लागतो.

पैसे भरण्यापूर्वी टूरवाल्याला चार गोष्टी लेखी विचारा. अबू सिम्बेलचं लांबचं देऊळ पॅकेजमध्ये आहे की वेगळे पैसे पडतील? लक्सरच्या राजांच्या दरीतल्या थडग्यांच्या जादा तिकिटांचा खर्च कोणाकडे? दुकानांच्या भेटी किती? पपायरस, अत्तरं आणि दगडी वस्तूंच्या दुकानांत गटाला नेलं जातं आणि प्रत्येक दुकान देवळाच्या वेळातला पाऊण तास खातं. चौथा प्रश्न लिफ्टचा. गटात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण सगळ्या जहाजांना लिफ्ट नसते आणि काही धक्क्यांवर बऱ्याच पायऱ्या चढून वर यावं लागतं. भारतीय पासपोर्टवर व्हिसाची सोय आधी लावावी लागते. त्याचे नियम बदलत राहतात, तेव्हा त्या महिन्यातली परिस्थिती कंपनीकडून समजून घ्या.

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात आस्वानचा पारा चाळीसच्या वर असतो आणि दगडी अंगणात उभं राहून गाइडचं बोलणं ऐकणं अशक्य होतं. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण गर्दी सगळ्यात जास्त. फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर जमला तर बघा. रमझान कधी येतोय तेही पाहा, त्या महिन्यात ठिकाणांच्या वेळा बदलतात.

घरी बसून शिकायची एक गोष्ट: देवळाचा आराखडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती घरीच पार पाडता येते.

आपल्याकडे महाद्वार, प्रांगण, सभामंडप, अंतराळ आणि गाभारा असा क्रम असतो. इजिप्तच्या देवळाचाही क्रम जवळजवळ हाच आहे. सर्वांत पुढे दोन तिरप्या भिंतींचं भव्य प्रवेशद्वार, त्याला पायलॉन म्हणतात. त्यामागे उघडं अंगण. मग खांबांची दाटी असलेला मंडप, त्यामागे एक-दोन लहान दालनं आणि शेवटी अंधारा गाभारा. फरक असा की इथे सामान्य माणूस सणावाराला फार तर अंगणापर्यंत येई. आत फक्त पुजारी आणि राजा. चालताना लक्ष ठेवलंत तर जाणवेल की जमीन हळूहळू वर चढते, छत खाली उतरतं आणि उजेड कमी होत जातो. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून जी पहिली टेकडी वर आली, तिचं रूप म्हणजे गाभारा, अशी त्यांची श्रद्धा होती. मंडपातले खांब पपायरस आणि कमळाच्या देठांच्या आकाराचे आहेत, कारण ती त्या टेकडीभोवतीची दलदल आहे. एवढं एकदा ध्यानात आलं की कुठल्याही देवळात शिरल्यावर आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळतं.

भिंतींबद्दल एक खूण. बाहेरच्या, उन्हातल्या भिंतींवर आकृत्या दगडात खोल कोरलेल्या असतात म्हणजे सावली पडून त्या उठून दिसतात. आतल्या भिंतींवर बहुधा आकृत्या उठावाच्या असतात. दुसरा रामसेस हा राजा मात्र आतबाहेर सगळीकडे आपलं नाव इतकं खोल कोरवून घ्यायचा की बोट आत जाईल. अंडाकृती चौकटीत राजाचं नाव असतं, तिला कार्टूश म्हणतात. राजाच्या डोक्यावर उंच पांढरा मुकुट असेल तर तो दक्षिणेचा, तांबडा असेल तर उत्तरेचा आणि दोन्ही एकत्र असतील तर सगळ्या इजिप्तचा. रंग उडाले असले तरी आकारावरून हे ओळखता येतं.

देव फार आहेत, पण क्रूझपुरते आठ-दहा पुरतात. ससाण्याच्या तोंडाचा होरस. गाईचे कान किंवा शिंगांमध्ये सूर्यबिंब असलेली हाथोर. डोक्यावर सिंहासनाची खूण असलेली आयसिस. कापडात गुंडाळलेला, हातात आकडी आणि चाबूक धरलेला ओसायरिस. मगरीच्या तोंडाचा सोबेक, मेंढ्याच्या तोंडाचा खनूम, कोल्ह्यासारखा अनुबिस, बगळ्यासारख्या आयबिस पक्ष्याच्या तोंडाचा लेखक-देव थोथ आणि डोक्यावर दोन उंच पिसं मिरवणारा आमून. एक कथाही वाचून जा: सेथने आपल्या भावाला, ओसायरिसला मारलं, आयसिसने त्याचे तुकडे गोळा करून त्याला पुन्हा जिवंत केलं आणि त्यांच्या मुलाने, होरसने सेथचा सूड घेतला. फिले आणि एडफू ही दोन देवळं याच कथेवर उभी आहेत. ती माहीत नसेल तर तिथल्या भिंती मुक्या राहतात.

काळाचीही ढोबळ कल्पना हवी. कर्नाक, लक्सर, हातशेपसुत राणीचं देऊळ आणि अबू सिम्बेल यांचा ऐन काळ म्हणजे नवं राज्य, साधारण इ.स.पू. १५५० ते १०७०. एडफू, कोम ओम्बो, फिले आणि एस्ना ही मुख्यतः अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या आणि नंतर रोमन सम्राटांच्या काळातली. हातशेपसुत आणि एडफूचा पाया यांच्यात बाराशे वर्षांहून जास्त अंतर आहे. दोन्हीकडे राजे मात्र एकाच वेषात, एकाच पवित्र्यात दिसतात. परकी राजेसुद्धा इजिप्तच्या भिंतीवर येताना फराओच होऊन येत, आणि मला इजिप्तची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते.

सामान

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सैल सुती कपडे, टोपी, बंद बूट. हिवाळ्यात पहाटेसाठी एक जाड जाकीट घ्याच, डेकवर वारा बोचरा असतो. नवखे लोक दोन गोष्टी नेत नाहीत आणि मला त्या अत्यावश्यक वाटतात: छोटी दुर्बीण आणि छोटी बॅटरी. सर्वांत सुंदर रंग छतावर आणि खांबांच्या माथ्यावर टिकले आहेत, ते दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोल्यांत बॅटरी तिरपी धरली की कोरीवकाम जिवंत होतं. ओआरएसची पाकिटं आणि नेहमीची औषधं हाताशी ठेवा. पाणी फक्त बाटलीचं.

जहाजावरची रीत

जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल. वर डेक, खाली जेवणघर, दिवसाला तीन बुफे. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. मसूर डाळीचं सूप, बाकल्याच्या दाण्यांचं ‘फूल’ नावाचं कालवण, त्याच दाण्यांचे तामिया नावाचे वडे, तिळाचं ताहिनी, भाज्या आणि गरम ऐश बलदी ही रोटी, एवढ्यावर पोट उत्तम भरतं. शहरात गेलात तर कोशरी खा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वरून टोमॅटोचा आंबट रस्सा आणि तळलेला कांदा. पेयांचे पैसे बहुधा वेगळे लागतात, शेवटच्या दिवशी खोलीच्या बिलात दिसतात.

धक्क्यावर जहाजं एकाला एक लागून, कधी पाच-सहाच्या रांगेत उभी राहतात. किनाऱ्यावर जायला शेजारच्या जहाजांच्या लॉबीतून चालत जावं लागतं. खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते, तेव्हा पडदा ओढायची सवय ठेवा. आपल्या जहाजाचं नाव पाठ करून ठेवा आणि बाहेर पडताना मिळणारं कार्ड जपा. परतताना सगळी जहाजं सारखीच दिसतात.

उठवण्याचा फोन पहाटे चार-पाचला येतो. कंटाळा करू नका. सकाळी सहा-सातला देऊळ गाठलेला गट आणि नऊला पोचलेला गट यांनी दोन वेगळी देवळं पाहिलेली असतात.

आस्वान: फिले आणि अबू सिम्बेल

आस्वानला पहिल्या दिवशी अपूर्ण ओबेलिस्क दाखवतात. खाणीतच आडवा पडलेला सुमारे ४२ मीटर लांबीचा ग्रॅनाइटचा स्तंभ, तडा गेल्यामुळे सोडून दिलेला. लोक ‘हे काय, दगडच तर आहे’ म्हणून दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही खाली वाकून त्याच्या बाजूच्या चरांकडे बघा. कठीण दगडाच्या गोळ्यांनी ठेचत ठेचत तो सुटा केला जात होता, ते वाटीसारखे खळगे अजून तसेच आहेत. कर्नाकमधले उभे ओबेलिस्क इथल्याच ग्रॅनाइटचे, नदीतून वाहून नेलेले.

फिले हे आयसिसचं देऊळ बेटावर आहे, मोटरबोटीने जावं लागतं. बोटीत शक्यतो कडेला बसा, कारण पाण्यातून वर येणारं देवळाचं पहिलं दर्शन तिथूनच होतं. हे देऊळ मूळ जागी नाही. १९०२ साली आस्वानचं पहिलं धरण झालं आणि देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात उभं राहू लागलं. पुढे मोठं धरण बांधलं गेलं तेव्हा ते दगड दगड सुटं करून जवळच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचलं, ते काम १९८० साली पुरं झालं. खांबांवर आणि भिंतींवर पाण्याच्या रेषेची खूण अजून दिसते. इथे थांबायची जागा म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनचं द्वार. मुख्य देवळाच्या बाजूला असल्याने गट तिथे सहसा जात नाही. त्याच्या भिंतीवर २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा एक लेख आहे. इजिप्तच्या चित्रलिपीतला हा आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख. साडेतीन हजार वर्षं लिहिली गेलेली लिपी इथे संपली. गाइडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की ही भिंत दाखवा. चांगला गाइड अशा प्रश्नाने खूश होतो.

आत खांबांवर कोरलेले क्रूस दिसतील. सहाव्या शतकात देवळातली पूजा बंद झाली आणि इथे चर्च झालं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे तासलेले दिसतात, तेही त्याच संक्रमणाच्या काळातलं.

अबू सिम्बेल आस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, बसने एका बाजूला तीन-साडेतीन तास. पहाटे चारला निघायचं, बरोबर नाश्त्याचा डबा मिळतो. ‘एवढी दगदग कशाला?’ असा सूर गटात उमटतोच. प्रकृती साथ देत असेल तर जाच. दुसऱ्या रामसेसने डोंगरात कोरवून घेतलेलं हे देऊळ, बाहेर त्याच्या चार बसलेल्या मूर्ती, प्रत्येक सुमारे वीस मीटर उंच. एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपात कोसळला आणि तिचं डोकं पायाशी पडलं. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने सगळं देऊळ कापून वर हलवलं तेव्हाही ते डोकं जसं होतं तसंच खाली ठेवलं. धरणाच्या पाण्यात बुडणारा नूबिया हा प्रदेश वाचवण्याच्या त्या मोहिमेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथकही गेलं होतं. १९६२ साली बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तिथे अफियेह इथे उत्खनन केलं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या प्रदेशात आपल्याकडच्या लोकांनीही माती चाळली आहे, हे तलावाकडे बघताना आठवावं.

आतल्या दालनात रामसेसच्या हित्तींशी झालेल्या कादेशच्या लढाईचं कोरीवकाम आहे आणि गाभाऱ्यात चार मूर्ती: प्ताह, आमून-रा, स्वतः रामसेस आणि रा-होराख्ती. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोचतात आणि अंधाराशी नातं असलेल्या प्ताहला वगळून बाकीच्यांवर पडतात. त्या तारखांना जाण्याचा हट्ट धरू नका, गर्दीत काहीच दिसत नाही. शेजारचं नेफरतारीचं छोटं देऊळ मात्र चुकवू नका. तिथे दर्शनी भागात राणीच्या मूर्ती राजाच्या मूर्तींइतक्याच उंच आहेत. इजिप्तमध्ये राणी बहुतेक वेळा राजाच्या गुडघ्याइतकीच दाखवतात, म्हणून हे फार मोठं आहे.

कोम ओम्बो

जहाज इथे जवळजवळ देवळाच्या पायथ्याशी लागतं. बहुधा संध्याकाळी, आणि सगळी जहाजं एकदमच. गर्दीपुढे इलाज नाही. मुख्य मंडप थोडा वेळ टाळा आणि आधी मागच्या बाजूला जा.

हे जोडदेऊळ आहे. मधोमध एक काल्पनिक रेषा आणि दोन्ही बाजूंना सगळं दुहेरी: दोन दारं, दोन मार्ग, दोन गाभारे. आत जाताना उजवीकडचा भाग मगरदेव सोबेकचा, डावीकडचा थोरल्या होरसचा. मागच्या आवारभिंतीच्या आतल्या बाजूला रोमन काळातलं ते प्रसिद्ध शिल्प आहे, ज्यात चिमटे, सुऱ्या, कात्र्या अशी वैद्याची हत्यारं मांडलेली दिसतात. शेजारी प्रसूतीच्या आसनावर बसलेल्या बायकाही आहेत. बाहेर पडताना नाईलची पातळी मोजायची खोल गोल विहीर बघा. पूर किती आला यावरून त्या वर्षाचं पीक आणि कर यांचा अंदाज बांधला जाई. मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे, मुलं बरोबर असतील तर त्यांना ते देवळाहून जास्त आवडतं.

एडफू

वेळ वाचवायचा असेल तर तो इतर कुठेही वाचवा, एडफूला नको.

धक्क्यापासून देवळापर्यंत घोडागाडीने नेतात. काही घोड्यांची अवस्था पाहवत नाही. तुमचंही मन घेत नसेल तर आदल्या दिवशी टूर मॅनेजरला सांगा, गाडी किंवा टुकटुकची सोय होऊ शकते. घोडागाडी घेतलीत तर तिचा नंबर लक्षात ठेवा, परतताना तीच घ्यायची असते.

देवळाचं काम इ.स.पू. २३७ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात सुरू झालं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. नंतर शतकानुशतकं ते वाळूत गाडलं गेलं, वर घरं उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच संशोधक ओग्युस्त मारिएत यांनी ते मोकळं केलं. वाळूनेच ते राखलं, म्हणून छप्पर शाबूत आहे.

इथे गट अंगणात गाइडभोवती जमेल. गाइडचं ऐका, आणि मोकळा वेळ मिळाला की एकटे महाद्वारापाशी परत जा. ३६ मीटर उंचीच्या पायलॉनकडे पाठ करा आणि सरळ गाभाऱ्यापर्यंत हळू चालत जा. अंगणातलं ऊन, मंडपातली सावली, मग अर्धा अंधार, मग गाभाऱ्यातला काळा-करडा गुळगुळीत दगडी देव्हारा. हा देव्हारा देवळाहून जुना आहे, टॉलेमींच्या आधीचा राजा दुसरा नेक्टानेबो याच्या काळातला, म्हणजे इथे आधी असलेल्या देवळातून जपून ठेवलेला. आराखडा घरी शिकलात तो या एका चालण्यासाठी.

मंडपाच्या एका बाजूला एक छोटी खोली आहे, तिच्या भिंतींवर धूप आणि सुगंधी तेलं बनवण्याच्या कृती कोरलेल्या आहेत. आणि बाहेरून देवळाला फेरी मारताना पश्चिमेकडच्या आवारभिंतीच्या आतल्या अंगाला होरस आणि सेथची लढाई चित्रमालिकेसारखी उलगडते. सेथ तिथे पाणघोड्याच्या रूपात आहे आणि होरस त्याला भाल्याने टोचतो आहे. पाणघोडा मुद्दाम अगदी चिमुकला कोरलाय. चित्रालाही जीव असतो अशी समजूत होती, तेव्हा शत्रू लहान काढला की त्याचं बळ कमी.

एस्नाचं कुलूपद्वार आणि मधली नदी

एडफूनंतर जहाज एस्नाच्या बंधाऱ्यापाशी थांबतं. जहाजं एकामागून एक कुलूपद्वारात घेतात, पाणी कमी-जास्त करून पलीकडे सोडतात. यात कधी तास-दोन तास जातात. छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि टेबलक्लॉथ, गलाबिया हे झगे पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात. नको असेल तर पिशवी न उघडता परत टाका, हवं असेल तर पिशवीतच पैसे घालून खाली सोडा. एस्नाचं खनूमचं देऊळ कार्यक्रमात असेल तर नशीब. रस्त्यापेक्षा बरंच खाली, खड्ड्यात असलेला हा एकच मंडप, पण अलीकडच्या काळात छताची काजळी साफ केल्यावर आतले मूळ रंग उजळून निघाले आहेत.

या पट्ट्यात डेकवर बसून नदीचे काठ बघा. रोमन काळात भारताशी चाललेला व्यापार याच नदीने जाई. पैठणचा गोमेद आणि तेरचं कापड भरुचला उतरे, तिथून जहाजाने लाल समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांना, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठी लक्सरच्या थोडं उत्तरेला असलेल्या कोप्टोसला, आणि पुढे नावेने अलेक्झांड्रियाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नोंदीत या गावांबरोबर कल्याण आणि चौल यांचीही नावं येतात. बेरेनिकेला २०२२ मध्ये बुद्धाची मूर्तीही सापडली. गाइडशी गप्पा मारायला हा विषय उत्तम.

लक्सर: पूर्व काठ

कर्नाक हे एक देऊळ नाही, देवळांचं गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षं राजे त्यात भर घालत राहिले. गट खांबांच्या मोठ्या मंडपात पोचतो आणि सगळे कॅमेरे वर होतात. १३४ खांब, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. इथे दुर्बीण काढा. खांबांच्या माथ्यावर आणि तुळयांच्या खालच्या बाजूला निळा, तांबडा, पिवळा रंग अजून आहे, उन्हापासून लपलेला.

त्याआधी एक काम करा. पहिल्या पायलॉनमधून आत आल्यावर मागे वळा. पायलॉनच्या आतल्या अंगाला कच्च्या विटांचा ढीग दिसेल. तो बांधकामाच्या उतरणीचा अवशेष आहे. पायलॉन अर्धवट राहिला आणि उतरण काढायची राहून गेली. एवढे मोठे दगड वर कसे चढवले, या प्रश्नाचं उत्तर तिथे पडलेलं आहे आणि परग्रहवासीयांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी ते जरूर पाहावं. पुढे हातशेपसुतचा ओबेलिस्क भेटेल, जवळपास तीस मीटर उंच. आस्वानच्या खाणीतला आडवा दगड इथे आठवेल.

लक्सरचं देऊळ रात्री बघा, दिव्यांत. दारासमोर एकच ओबेलिस्क आहे, त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. आत अंगणात अबू हग्गाग यांची मशीद आहे आणि तिचं जुनं दार जमिनीपासून कितीतरी वर, हवेत लटकल्यासारखं दिसतं. मशीद बांधली तेव्हा देवळात तिथपर्यंत माती भरली होती. आणखी आत रोमनांनी रंगवलेली भिंत, आणि फराओच्या वेषात आमूनपुढे उभा असलेला अलेक्झांडर. एकाच जागेवर तीन हजारांहून जास्त वर्षं सलग प्रार्थना होते आहे.

पश्चिम काठ

पूर्वेला जिवंत माणसं, पश्चिमेला मृत, असा हिशेब. राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तूतनखामेन, पहिला सेती, आणि पाचवा-सहावा रामसेस यांना वेगळं तिकीट. एकच जादा तिकीट घ्यायचं असेल तर पाचव्या-सहाव्या रामसेसच्या सामाईक थडग्याचं घ्या. छतावर आकाशदेवी नूतचं भव्य चित्र आहे, संध्याकाळी सूर्याला गिळणारी आणि सकाळी पुन्हा जन्म देणारी. तूतनखामेनचं थडगं लहान आहे. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली त्यात मिळालेला खजिना आता गिझाजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे, तो कैरोत बघा. गाइडना थडग्यांच्या आत बोलायची परवानगी नाही, ते बाहेर चित्रं दाखवून सांगतात. तेव्हा लक्ष देऊन ऐका, आत गेल्यावर विचारायला कोणी नसतं. चौथ्या रामसेसचं थडगं चढउतार नको असलेल्यांना सोपं. मर्नेप्ताहचं खोल आणि उताराचं आहे, गुडघे सांभाळून.

हातशेपसुतचं देऊळ दुरून फोटोत सुंदर दिसतं आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात. मधल्या मजल्यावर डावीकडच्या ओवरीत जा. पुंतच्या देशाला गेलेल्या तिच्या जहाजांची मोहीम तिथे कोरली आहे: मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली धुपाची झाडं, पुंतची स्थूल राणी, पाण्याखालचे मासे. तिच्यानंतर तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिच्या प्रतिमा छिन्नीने खरवडल्या गेल्या, त्या रिकाम्या आकृत्याही ओळखू येतात. वेळ उरला तर गाइडला मदिनत हाबू मागा. तिसऱ्या रामसेसच्या या देवळातले रंग फार टिकले आहेत आणि गटांच्या नेहमीच्या यादीत ते नसतं.

पैसे आणि माणसं

मोठ्या ठिकाणी तिकीट खिडकीवर आता बहुधा कार्डच चालतं, तेव्हा जादा तिकिटांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्ड जवळ हवं. त्याबरोबरच पाच, दहा, वीस पौंडांच्या नोटांची जुडी पहिल्याच दिवशी सुटी करून घ्या. स्वच्छतागृह, सामान उचलणारा, घोडागाडीवाला, सगळीकडे त्या लागतात. देवळातला रखवालदार खुणेने बोलावून बंद कोपरा दाखवतो आणि हात पुढे करतो. हवं असेल तर जा आणि थोडे पैसे द्या, नको असेल तर ‘ला, शुक्रन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’ म्हणून चालू लागा. मोबाइलने फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण फ्लॅश बंद ठेवा. रंगांना त्याचा त्रास होतो.

भारतीय म्हटल्यावर ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक बाजारात येईलच. हसून उत्तर द्या, भाव मात्र निम्म्याच्या खालून सुरू करा. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची बक्षिसी शेवटच्या रात्री स्वागतकक्षाजवळच्या पेटीत एकत्र टाकतात, आणि गाइडची वेगळ्या पाकिटात, हातात देतात. तुमच्या सांगण्यावरून गाइडने फिलेची ती भिंत किंवा मदिनत हाबू दाखवलं असेल, तर पाकिटात थोडी भर घाला.